लक्षात ठेवायची किल्ली

रोमन सैन्याची छावणी पडली की रोज सूर्यास्ताला एक काम न चुकता होई. छावणीच्या पार टोकाला ज्यांचे तंबू असत, त्या तुकड्यांतला एकेक माणूस अधिकाऱ्याच्या तंबूपाशी येई आणि एक लाकडी पाटी घेऊन जाई. पाटीवर त्या रात्रीचा परवलीचा शब्द लिहिलेला असे. परतल्यावर तो ती पाटी साक्षीदारांसमोर शेजारच्या तुकडीच्या नायकाला देई, तो पुढच्या तुकडीला. असे करत करत पाटी अधिकाऱ्याच्या तंबूलगतच्या तुकडीपर्यंत पोचे आणि अंधार पडायच्या आत त्याच्या हातात परत येई. सगळ्या पाट्या आल्या म्हणजे शब्द सगळ्यांना कळला. एखादी कमी भरली, तर खुणांवरून कोणत्या बाजूची पाटी अडकली ते तिथल्या तिथे समजे आणि चौकशी सुरू होई. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने हे सारे बारकाईने लिहून ठेवले आहे.

या पद्धतीतल्या तीन गोष्टी आपण ध्यानात ठेवू. शब्द सगळ्यांचा मिळून एक होता. तो रोज बदलत होता. आणि तो कोणाकोणापर्यंत पोचला याचा हिशेब रोज संध्याकाळी लागत होता.

आज आपण ज्याला पासवर्ड म्हणतो त्यालाही मराठीत परवलीचा शब्दच म्हणतात. पण तो अगदी निराळ्या जातीचा आहे. तो एकट्याचा असतो, वर्षानुवर्षे तोच राहतो, आणि तो आणखी कोणाला माहीत आहे हे कळायला काही मार्ग नसतो. शिक्षकांशी संगणकाच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना पासवर्डचा विषय निघाला की बहुतेक वेळा सूचनांची एक यादी पुढे येते: किमान आठ अक्षरे हवीत, त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवे, दर तीन महिन्यांनी बदला, कुठे लिहून ठेवू नका. या सूचना कोणी दिल्या, केव्हा दिल्या आणि कशाच्या आधाराने, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांनी तो विचारायला हवा असे आम्हांला वाटते. म्हणून ही थोडी मागची हकीकत.

एक यंत्र, अनेक माणसे

१९६० च्या सुमारास संगणक म्हणजे एक खोली भरून टाकणारे, लाखो डॉलर किमतीचे यंत्र होते. आपला कार्यक्रम छिद्रांच्या कार्डांवर तयार करून द्यायचा, रांगेत नंबर लागला की यंत्र तो चालवणार, आणि छापील उत्तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मिळणार. स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा रांग. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला. यंत्राने एका माणसाचे काम क्षणभर करायचे, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे, आणि हे इतक्या वेगाने फिरत राहायचे की प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याचेच आहे असे वाटावे. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यांनी याचे पहिले प्रात्यक्षिक दाखवले.

यंत्र अनेकांचे झाले तसा नवा प्रश्न उभा राहिला. प्रत्येकाच्या फाइली एकाच यंत्रात होत्या, आणि प्रत्येकाला यंत्राचा वेळही मोजून मिळत होता. माझ्या फाइली दुसऱ्याने उघडू नयेत आणि माझा वेळ दुसऱ्याने खर्चू नये यासाठी काय करायचे? सर्वांत साधा उपाय म्हणजे प्रत्येकाला एकेक गुप्त शब्द. संगणकाच्या पासवर्डची सुरुवात बहुधा इथूनच झाली. शत्रू, चोर किंवा हेर अजून कोणाच्या डोक्यात नव्हते. वसतिगृहातल्या कपाटांना प्रत्येकाचे वेगळे कुलूप असावे, इतकीच अपेक्षा होती.

हे कुलूप उघडायला फार दिवस लागले नाहीत. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत, आणि त्याच्या कामाला ते पुरत नव्हते. कोणतीही फाइल छापून हवी असेल तर खाते क्रमांक आणि फाइलीचे नाव असलेले एक कार्ड टाकण्याची सोय तिथे होती. १९६२ मधल्या एका शुक्रवारी रात्री उशिरा शेरने सगळ्यांच्या पासवर्डांची फाइल मागणारे कार्ड टाकले आणि शनिवारी भल्या पहाटे कागद उचलून आणला. यंत्राने विचारलेसुद्धा नाही. पुढे त्याने ही यादी आणखी काहींना दिली, आणि त्यांच्यापैकी एकाने एका वरिष्ठ शास्त्रज्ञाच्या खात्यात शिरून त्याला चिडवणारे निरोप ठेवले. शेरने हे कबूल केले तोवर सुमारे पंचवीस वर्षे उलटली होती.

त्याच दशकाच्या मध्याला याहून मोठी फजिती झाली. यंत्र सुरू करणाऱ्या प्रत्येकाला 'आजची सूचना' दिसत असे. एक कर्मचारी ती सूचना दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डांची फाइल. दुरुस्ती चालू असताना जी तात्पुरती फाइल तयार होई, तिचे नाव दोघांसाठी एकच होते, कारण एका वेळी एकच माणूस हे काम करील असे गृहीत धरले होते. दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी यंत्रापाशी बसला, त्याच्यासमोर सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. सुमारे पंचवीस वर्षांनी कोर्बातोंना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या भाषणात त्यांनी हा किस्सा स्वतः सांगितला.

पिठाचे गहू

या दोन्ही प्रसंगांत दोष कुठे होता? फाइल नीट लपवली नव्हती, असे पहिल्यांदा मनात येते. पण केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम आणि माइक गाय यांनी याच दशकात निराळा विचार केला. पासवर्डांची फाइल असावीच कशाला? पहारेकऱ्याला शब्द माहीत असण्याची गरज नाही. येणाऱ्याने सांगितलेला शब्द बरोबर की चूक एवढे त्याला ठरवता आले की पुरे.

हे कसे शक्य आहे? वर्गात करून पाहण्याजोगी एक युक्ती सांगतो. चार आकडी संख्या घ्या, समजा ४८३७. तिचा वर्ग करा: २३३९६५६९. आता पुढचे दोन आणि मागचे दोन आकडे टाकून मधले चार ठेवा: ३९६५. (वर्ग सात आकडी आला तर आधी एक शून्य लावून घ्यायचे.) या ३९६५ ला आपण मूळ संख्येचा 'ठसा' म्हणू. ४८३७ वरून ३९६५ काढणे पाचवी-सहावीच्या मुलालाही जमते. पण फळ्यावर फक्त ३९६५ लिहा आणि मूळ संख्या विचारा. वर्गातले आठपैकी चार आकडे आपण फेकून दिलेले आहेत, त्यामुळे मागे जाणारी सरळ वाट उरलेली नाही. गव्हाचे पीठ होते, पिठाचे गहू होत नाहीत.

संगणकाने वहीत ४८३७ लिहून ठेवायचे नाही, फक्त ३९६५ लिहायचे. मी येऊन ४८३७ सांगितले की तो वर्ग करील, मधले आकडे काढील आणि वहीतल्या ठशाशी ताडून पाहील. जुळले तर दार उघडेल. वही चोरीला गेली तरी चोराच्या हाती ठसे लागतील, किल्ल्या नाहीत. आमच्या मते साठ वर्षांच्या या इतिहासातली सर्वांत सुंदर कल्पना हीच. मॉरिस विल्क्स यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तिची माहिती दिली.

अर्थात आपली वर्गातली युक्ती खऱ्या वापराला कुचकामी आहे. चार आकडी संख्या नऊ हजारच. चोर त्या सगळ्यांचे ठसे काढून बसेल आणि ३९६५ कशाचा ते शोधील. शिवाय दोन निराळ्या संख्यांचा ठसा एकच येऊ शकतो. खऱ्या पद्धतीत गणित पुष्कळ अवघड असते, पण चोराचा मार्ग बदलत नाही. त्याला उलटे जाता येत नाही म्हणून तो सुलटाच जातो: एकेक शब्द घेतो, ठसा काढतो, जुळतो का पाहतो. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की लोक कसले शब्द निवडतात?

बाप आणि मुलगा

याचे मोजमाप रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्सन यांनी केले. दोघेही अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, युनिक्स ही संगणकप्रणाली जिथे जन्मली तिथे काम करत. थॉम्सन तर तिच्या जनकांपैकी एक. नोव्हेंबर १९७९ मध्ये छापलेल्या आपल्या निबंधात त्यांनी लोकांनी खरोखर वापरलेल्या ३२८९ पासवर्डांची छाननी दिली आहे. १५ पासवर्ड चक्क एका अक्षराचे होते. ७२ दोन अक्षरांचे आणि ४६४ तीन अक्षरांचे. ४७७ चार अक्षरी, ७०६ पाच अक्षरी आणि ६०५ सहा अक्षरी, तेही बहुतांशी साधी अक्षरे. उरलेल्यांपैकी ४९२ शब्दकोशात किंवा नावांच्या याद्यांमध्ये सापडले. बेरीज २८३१, म्हणजे शंभरांत ८६.

इंग्रजीच्या २६ अक्षरांमधून सहा अक्षरांचे किती शब्द होतील? २६ चा सहावा घात, सुमारे ३१ कोटी. त्या वेळच्या यंत्राला जुन्या पद्धतीने एक शब्द तपासायला सव्वा मिलिसेकंद लागे, म्हणजे सगळे शब्द तपासायला १०७ तास. साडेचार दिवस यंत्र चालू ठेवायची तयारी असेल तर सहा अक्षरांची किल्ली हमखास सापडणार.

मॉरिस आणि थॉम्सन यांनी दोन उपाय केले. पहिला, ठसा काढण्याचे काम मुद्दाम संथ केले. एकच अवघड क्रिया लागोपाठ २५ वेळा करायची. दार उघडणाऱ्याला पाव-अर्धा सेकंद जास्त लागला तर बिघडत नाही, पण कोट्यवधी शब्द तपासणाऱ्याचे कंबरडे मोडते. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक पासवर्डात ठसा काढण्यापूर्वी चिमूटभर 'मीठ' टाकायचे. इंग्रजीतही त्याला मीठच म्हणतात. समजा दोन मुलांनी एकच संख्या निवडली, तर वहीत दोन्ही ठसे सारखे दिसतील, आणि एकाची किल्ली सापडली की दुसऱ्याची आपोआप सापडेल. चोर घरी बसून लाखो शब्दांचे ठसे एकदाच काढून त्याचा कोश करून ठेवू शकेल. हे टाळण्यासाठी संगणक प्रत्येकाच्या शब्दात यदृच्छेने निवडलेली एक छोटी संख्या मिसळतो. ती गुप्त नसते, ठशाशेजारीच लिहिलेली असते. युनिक्समध्ये ४०९६ प्रकारचे मीठ होते, म्हणजे चोराला एका कोशाऐवजी ४०९६ कोश करणे भाग पडले.

इतके झाल्यावर त्यांनी ठशांची फाइल लपवलीसुद्धा नाही. यंत्र वापरणारा कोणीही ती वाचू शकत असे. कुलपाची रचना सगळ्यांना ठाऊक असली तरी कुलूप पक्के राहिले पाहिजे, हा ऑगस्ट केर्कहोफ्स यांनी १८८३ मध्ये मांडलेला नियम त्यामागे होता.

त्या काळातली अशी एक फाइल जुन्या संग्रहात टिकून राहिली. २०१९ मध्ये हौशी मंडळींनी तिच्यातल्या खुद्द थॉम्सन यांच्या ठशामागचा शब्द शोधून काढला. सेकंदाला सुमारे ९३ कोटी शब्द तपासणाऱ्या आधुनिक यंत्रालाही चार दिवसांहून अधिक लागले. आणि शब्द काय निघाला? बुद्धिबळातली वजिरापुढच्या प्याद्याची पहिली चाल, जुन्या इंग्रजी खेळीलेखनात लिहिलेली. थॉम्सन बुद्धिबळाचे वेडे. त्यांनी सहकाऱ्याबरोबर बनवलेले 'बेल' हे यंत्र १९८० मध्ये संगणकांच्या बुद्धिबळ स्पर्धेत जगज्जेते झाले होते. इतरांच्या पासवर्डांची चिकित्सा करणारा माणूससुद्धा आपला शब्द आपल्या आवडीतूनच उचलतो.

या हकीकतीचे पुढचे पान एखाद्या नाटकात शोभेल असे आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने, एका यंत्रातून दुसऱ्यात स्वतःहून पसरणारा प्रोग्राम जाळ्यावर सोडला. आपला माग लागू नये म्हणून तो एम.आय.टी.च्या यंत्रावरून सोडला होता. पसरण्याचे त्याला तीन-चार मार्ग होते. त्यांपैकी एक असा: यंत्रात शिरल्यावर सर्वांना खुली असलेली ठशांची फाइल वाचायची आणि पासवर्ड ओळखायचे. आधी खात्याचेच नाव, मग तेच नाव दोनदा, मग उलटे, आणि मग बरोबर आणलेल्या ४३२ शब्दांची यादी. 'अल्बट्रॉस', 'वुम्बॅट' असले साधे इंग्रजी शब्द आणि माणसांची नावे. ओळखलेल्या पासवर्डावर त्याच माणसाच्या दुसऱ्या यंत्रावरच्या खात्यात शिरायचे. ठसे काढण्याची स्वतःची जलद रीतही त्या प्रोग्रामात होती.

विद्यार्थ्याचे नाव रॉबर्ट टॅपन मॉरिस. १९७९ च्या निबंधातल्या मॉरिस यांचा मुलगा. बापाने मुद्दाम संथ केलेली क्रिया मुलाने वेगवान करून घेतली होती, आणि बाप त्या वेळी अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा केंद्राचा मुख्य शास्त्रज्ञ होता.

नासधूस करण्याचा हेतू त्या प्रोग्रामात दिसत नाही. पण यंत्रात आपली प्रत आधीच असली, तरी सातांतून एकदा नवी प्रत बसवायचीच, असे त्यात लिहिले होते. त्यामुळे एकेका यंत्रात प्रतींची गर्दी होऊन यंत्रे ठप्प झाली. तेव्हाच्या इंटरनेटवर सुमारे साठ हजार यंत्रे होती आणि त्यांपैकी सहा हजारांना बाधा झाली असा त्या वेळचा अंदाज होता. १९९० मध्ये न्यायालयाने मॉरिसला तीन वर्षांची देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि १००५० डॉलर दंड अशी शिक्षा दिली. पुढे तो एम.आय.टी.तच प्राध्यापक झाला.

अठ्ठावीस वर्षांनी, २०१६ मध्ये, हीच युक्ती पुन्हा आली. 'मिराई' नावाच्या प्रोग्रामाकडे साठेक जोड्यांची एक यादी होती: कारखान्यातून निघताना कॅमेऱ्यांना आणि तत्सम उपकरणांना घातलेली खात्यांची नावे आणि पासवर्ड. भिंतीवर कॅमेरा बसवला की त्याचा मूळ पासवर्ड कोण बदलतो? लाखो उपकरणे त्याच्या ताब्यात गेली, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांनी एकदम केलेल्या माऱ्याने अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास बंद पडल्या. आता शाळांमध्येही कॅमेरे बसले आहेत. आपल्या शाळेतल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड बसवणाऱ्या माणसाने बदलला होता का, एवढे एकदा विचारून घ्यायला हरकत नाही.

नियम आले कुठून?

ठसा, मीठ आणि संथपणा या तिन्ही गोष्टी १९७९ मध्ये छापून आल्या होत्या. तरी डिसेंबर २००९ मध्ये 'रॉकयू' नावाच्या अमेरिकी कंपनीची माहिती चोरीला गेली तेव्हा ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड जसेच्या तसे लिहिलेले सापडले. ठसासुद्धा नाही. त्यांत २ लाख ९० हजारांहून अधिक लोकांचा पासवर्ड होता १२३४५६. २०१२ मध्ये 'लिंक्डइन'चे ठसे चोरीला गेले, त्यात मीठ नव्हते. आधी ६५ लाख ठसे बाहेर आले आणि चार वर्षांनी कळले की ते ११ कोटींहून अधिक होते. अशा चोऱ्यांमध्ये वापरणाऱ्याचा काय दोष? त्याने कितीही अवघड शब्द निवडला असता तरी रॉकयूच्या वहीत तो उघडाच होता. आणि तोच शब्द त्याने बँकेतही वापरला असेल, तर चोराला बँकेचे कुलूप फोडावेही लागत नाही. एकच पासवर्ड दोन ठिकाणी वापरू नका, या सूचनेमागे इतका भक्कम आधार आहे.

बाकीच्या सूचनांना तितका आधार नव्हता. मोठे अक्षर, आकडा, चिन्ह आणि वरचेवर बदल हा नियम जगभर पसरला तो मुख्यतः २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने काढलेल्या एका पुस्तिकेमुळे. ती लिहिणारे बिल बर यांच्यापाशी खऱ्या पासवर्डांची पुरेशी माहितीच नव्हती. निवृत्तीनंतर, २०१७ मध्ये, त्यांनी या सल्ल्यांपैकी पुष्कळशा भागाबद्दल खेद व्यक्त केला.

नियम वाचायला तर्कशुद्ध वाटतो. पण माणसे काय करतात पाहा. मोठे अक्षर मागितले की पहिले अक्षर मोठे होते. आकडा मागितला की शेवटी १ येतो, चिन्ह मागितले की उद्गारचिन्ह. तीन महिन्यांनी १ चा २ होतो. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी, जिथे पासवर्ड बदलणे सक्तीचे होते तिथली जुनी खाती तपासली. आधीचा एक पासवर्ड हाती असेल तर पुढचा काही सेकंदांत ओळखता येतो, अशी शंभरांत ४१ खाती निघाली. त्याच मानक संस्थेने जून २०१७ मध्ये आपला सल्ला फिरवला. चिन्हांची सक्ती नको, विनाकारण बदल नको, शब्द लांब असू द्या, आणि चोरीच्या याद्यांमध्ये आलेले शब्द नाकारा. आपल्याकडच्या कित्येक संकेतस्थळांवर मात्र जुनाच नियम अजून ठाण मांडून आहे.

कपाटाच्या दारावरचा कागद

शाळेच्या कार्यालयात कपाटाच्या दाराला चिकटवलेला कागद तुम्हीही पाहिला असेल. त्यावर दोन-तीन संकेतस्थळांची नावे आणि पुढे पासवर्ड. कागद नसेल तर शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात तोच मजकूर सापडतो. याला निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला तसे वाटत नाही. शाळेला खाते एक मिळते आणि माहिती भरणारे हात पाच असतात. मुख्याध्यापक, लिपिक, दोन-तीन वर्गशिक्षक, कधी गावातला संगणक केंद्रवाला. मुदत संपत आलेली असते. अशा वेळी पासवर्ड सगळ्यांना देण्याखेरीज दुसरे काय करणार?

म्हणजे कोर्बातोंनी एकेकट्या माणसासाठी केलेली किल्ली आपण रोमन छावणीतल्या शब्दासारखी वापरतो. मात्र छावणीतली शिस्त इथे नाही. शब्द रोज बदलत नाही, वर्षानुवर्षे तोच राहतो. पाटी परत येत नाही. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या शिक्षकाच्या मोबाइलमध्ये तो अजून असतो, आणि हे कोणाच्या लक्षातही नसते.

या कुलपामागे काय आहे? मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी बँकेची खाती, जात, अपंगत्व. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला, तेव्हापासून तो या मुलांचाही हक्क आहे. पण आपली माहिती कोणाकोणाला दिसते हे विचारण्याचे वय त्यांचे नाही. त्यांच्या वतीने ते आपणच विचारायचे.

जिथे प्रत्येकाला वेगळे खाते मिळण्याची सोय आहे, तिथे ते मागून घ्यावे. जिथे खाते एकच आहे, तिथे शब्द सगळ्यांचा आहे हे मान्य करून त्याला छावणीचा नियम लावावा. तो कोणाकडे आहे याची यादी मुख्याध्यापकांपाशी असावी, आणि यादीतला एक माणूस कमी झाला की त्याच दिवशी शब्द बदलावा. कागदावर लिहायचे तर खुशाल लिहावे, पण तो कुलूपबंद कप्प्यात ठेवावा. जाळ्यावरून येणाऱ्या चोराला कप्प्यातला कागद दिसत नाही. गटात टाकलेला मजकूर मात्र गटातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये राहतो, आणि त्यातला एखादा मोबाइल कधीतरी हरवणारच.

ओटीपी हीदेखील एक परवलच आहे, तीही दर व्यवहाराला बदलणारी. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाने होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांना पासवर्डासारखा जास्तीचा पुरावा मागणे बँकांना बंधनकारक केले, आणि पुढे मोबाइलवर येणारे हे आकडे घरोघरी पोचले. चोरांनी त्यावर जुनाच उपाय शोधला: फोन करून विचारायचे. पहारेकरी आपल्याला शब्द विचारतो, पण हा पहारेकरी आपलाच आहे कशावरून, हे विचारायची सोय पासवर्डातही नाही आणि ओटीपीतही नाही. बँकेसारखे दिसणारे खोटे पान उघडले तर आपण त्यावर खरा शब्द लिहून मोकळे होतो.

ही उणीव भरून काढायचा प्रयत्न आता चालू आहे. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी जोडकिल्लीची कल्पना मांडली. एक किल्ली सगळ्यांना द्यायची, दुसरी स्वतःपाशी ठेवायची, आणि जाहीर किल्लीवरून खाजगी किल्ली काढता येत नाही. मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून जाहीर केलेल्या 'पासकी'च्या पद्धतीत खाजगी किल्ली आपल्या मोबाइलमध्येच राहते. संकेतस्थळ दर वेळी एक नवे कोडे पाठवते, मोबाइल ते खाजगी किल्लीने सोडवून उत्तर धाडतो, आणि संकेतस्थळ जाहीर किल्लीने उत्तर पडताळते. संकेतस्थळाच्या वहीतून चोरण्याजोगे काही उरत नाही. शिवाय किल्ली त्या संकेतस्थळाच्या नावाशी बांधलेली असल्याने खोट्या पानाला मोबाइल उत्तरच देत नाही. नीडहॅम आणि गाय यांनी पहारेकऱ्याच्या वहीतून शब्द काढून टाकला होता. इथे तो आपल्या डोक्यातूनही गेला. पण मोबाइल हरवला तर काय, आणि एका मोबाइलवर चार जणांचे घर चालत असेल तर काय, हे प्रश्न आपल्याकडे मोठे आहेत. त्यामुळे पासवर्ड इतक्यात जाईल असे आम्हांला वाटत नाही.

फासे

तोवर चांगला पासवर्ड करायचा कसा, हे आठवी-नववीच्या वर्गात गणिताच्या तासाला करून पाहता येईल. १९९५ मध्ये आर्नल्ड राइनहोल्ड यांनी सुचवलेली ही रीत आहे. सोंगट्यांचा एक फासा पाच वेळा टाका. ६ चा पाचवा घात ७७७६, म्हणून ७७७६ शब्दांची एक यादी हवी. प्रत्येक शब्दाला १११११ ते ६६६६६ मधला, फक्त १ ते ६ हेच आकडे असलेला क्रमांक द्यायचा. पाच वेळा फासा टाकून जो क्रमांक येईल तो पहिला शब्द, पुन्हा पाच वेळा टाकून दुसरा. शब्द आपण निवडत नाही, फासा निवडतो, त्यामुळे थॉम्सन यांच्या बुद्धिबळासारखी आपली आवड त्यात डोकावत नाही. यादी उघडी असली तरी चालते. केर्कहोफ्स यांचा नियम इथेही आहे.

चार शब्दांच्या किती जुळण्या होतील ते मुलांना काढू द्या. उत्तर साधारण ३६ वर १४ शून्ये. थॉम्सन यांचा शब्द शोधणाऱ्या यंत्राच्या वेगाने, सेकंदाला ९३ कोटी, या सगळ्या तपासायला सुमारे दीड महिना लागेल. पाचवा शब्द जोडला की दीड महिन्याची ७७७६ पट, म्हणजे साडेनऊशे वर्षांहून अधिक. एका शब्दाने इतका फरक कसा पडतो, यावर घातांकाचा अख्खा तास रंगतो. आणि 'पपई छत्री पाटा सशक्त डोंगर' असले काहीतरी लक्षात ठेवणे चिन्हांच्या गुंत्यापेक्षा सोपेच.

यादी मात्र मराठीत करावी. चार तुकड्यांतली पन्नास-पन्नास मुले धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला एकोणचाळीस शब्द येतात. आजोळचे, शेतातले, स्वयंपाकघरातले, कोणतेही चालतील. एक शब्द दोनदा येऊ नये आणि फार लांब असू नये, एवढी दोन पथ्ये पाळायची. पुष्कळ संकेतस्थळे देवनागरी अक्षरे घेत नाहीत, म्हणून प्रत्येक शब्दाचे रोमन स्पेलिंग एकच ठरवून यादीत लिहून ठेवावे. वर्गासमोर फासे टाकून जे शब्द निघतील ते प्रात्यक्षिकापुरतेच. ते साऱ्या वर्गाने ऐकलेले असतात, तेव्हा स्वतःच्या पासवर्डासाठी घरी जाऊन फासे पुन्हा टाकायचे.